शेळीचा मुद्दा

“शेळीला मी सांगितलं का मॅडम, की जा, त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहा म्हणून? माझ्या आस्थापनेवर आहे का ती? मस्टरवर सही करती का?”

तालुक्याच्या बांधकाम ऑफिसातले उपअभियंता ओरडत होते. कोणत्या तालुक्यातले ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं, की उरलेल्या तालुक्यांना वाटायचं आपल्याकडं सगळं ठीक आहे. आवाज असा, की टेबलाच्या काचेखाली ठेवलेले सगळे देव एका बाजूला सरकले, बाहेर उभ्या जीपचा हॉर्न आपोआप वाजला, आणि तिकडं वाळूजला कंपनीच्या पाळीच्या बसमध्ये डुलक्या घेणारी माणसं आपला स्टॉप आला समजून उठून उभी राहिली. मी वाळूजला नव्हतो, पण राहिली असणार.

माझ्याबरोबर तपासणीला आलेल्या मॅडमनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढं अर्धसमास होता. आमच्या धंद्यात अर्धसमास म्हणजे एक कागद मधोमध दुमडायचा, डाव्या अर्ध्यावर आम्ही लेखापरीक्षकांनी प्रश्न लिहायचा आणि उजवा अर्धा समोरच्या ऑफिसच्या उत्तरासाठी कोरा सोडायचा. सरकारात प्रश्न आणि उत्तर एका कागदावर नांदतात ते इथंच, जुन्या नवरा-बायकोसारखे, एकमेकांकडं न बघता.

डाव्या अर्ध्यावर मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात होतं: ‘तीन गावांतील शाळांच्या संरक्षक भिंतींची देयके अदा करताना जोडलेल्या तिन्ही छायाचित्रांत एकच शेळी दिसून येते. खुलासा व्हावा.’

उजव्या अर्ध्यावर उत्तर होतं: ‘सदर शेळी भटकी असून तिच्या हालचालींवर या कार्यालयाचे नियंत्रण नाही.’ खाली सही आणि गोल शिक्का.

इतकी वर्षं मी खुलासे वाचतोय. पुरात वाहून गेलेल्या फायली वाचल्या, वाळवीनं खाल्लेल्या पावत्या वाचल्या. एकानं तर मला लिहून दिलं होतं की सिमेंटची पोती माकडांनी नेली. पण एवढा सुंदर खुलासा माझ्या नशिबी कधी आला नव्हता. मी तो दोनदा वाचला आणि मनातल्या मनात उपअभियंत्यांना मुजरा केला.

“शेळीच्या हालचालींवर नाही, बरं,” मॅडम म्हणाल्या. “भिंतीच्या हालचालींवर तरी आहे का, साहेब? कारण शेळीबरोबर भिंतपण गावोगाव फिरलीय.”

“तुम्हा शहरातल्या लोकांना सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात.”

“मी देवगाव रंगारीची आहे. आमच्या घरी शेळ्याच होत्या. हिचा डावा कान फाटलाय, गळ्यात निळी नायलॉनची दोरी आहे आणि पुढच्या एका गुडघ्यावर पांढरा ठिपका आहे. माझ्या लग्नाला स्थळाचा फोटो आला होता, तोपण मी एवढा निरखून बघितला नव्हता.”

उपअभियंता माझ्याकडं वळले. आवाज एकदम लोण्यासारखा. “देवा, तुम्ही तरी सांगा की मॅडमला काहीतरी.”

आमच्याकडं ब्राह्मणाला अजून देवा म्हणतात, विशेषतः काम असलं की. मी देवासारखाच वागलो. काही बोललो नाही आणि समोर आलेलं खाल्लं.

खाण्यावरून सांगतो. आम्ही अंतर्गत लेखापरीक्षक. म्हणजे सरकारच्याच माणसानं सरकारच्याच माणसाचे खिसे तपासायचे आणि मग दोघांनी एका टेबलावर जेवायचं. बाहेरून लेखापरीक्षक येतात ते पाहुणे, आम्ही घरजावई. ज्याची तपासणी, त्याचाच चहा, त्याचाच पंखा. त्यामुळं कुठं किती मुरतंय ते मोजायला माझं स्वतःचं एक यंत्र होतं: दुपारचं ताट. पोहे आले, तर ऑफिस साधं आहे किंवा खायला निधीच नाही. हॉटेलची थाळी आली, तर नेहमीचं चाललंय. आणि शहरातून पातेलं भरून मटणाचा नान-खलिया मागवला आणि माझ्यासाठी वेगळा शाकाहारी डबा, वर बासुंदी, असं झालं तर समजायचं की कपाटात काहीतरी मेलेलं आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा आणि कारकुनी, त्यामुळं खलिया मी खात नाही. नुसता नान रश्शात बुडवतो.

या ऑफिसात पहिल्या दिवशी पोहे होते. मॅडमनी भिंतींचे फोटो मागितले आणि दुसऱ्या दिवशी बासुंदी आली, ती अशी दाट की चमचा तीत उभा राहिला, आम्हा दोघांना नमस्कार केला आणि मग हळूच आडवा झाला. मॅडमनी वाटीला हात लावला नाही. मी त्यांचीही खाल्ली, कारण अन्न वाया घालवणं हा माझ्या मते गंभीर आक्षेप आहे.

आता फोटोंचं असं होतं. काम झालं की मोबाईलवर फोटो काढायचा, खाली जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप छापले जातात, तो जोडला की देयक निघतं. भ्रष्टाचार थांबावा म्हणून काढलेली युक्ती. महिन्याभरात तिच्यावर उतारा निघाला. खालचे आकडे बदलून देणारं ॲप मोबाईलवरच मिळतं. एकाच भिंतीचा फोटो तीनदा कापला, आभाळ एकदा निळं केलं, एकदा ढगाळ केलं, मागची शाळा पुसली. सगळं केलं त्यांनी. शेळी तेवढी राहिली. खेड्यातल्या माणसाला फोटोतली शेळी दिसतच नाही. ती असतेच तिथं.

मॅडमनी तिन्ही गावं बघायची ठरवली. आमचे साहेब, म्हणजे आमच्या लेखापरीक्षण गटाचे प्रमुख, म्हणाले, कागद बघून भागत असताना गाव कशाला. मॅडम म्हणाल्या, कागदानं भागत नाहीये म्हणूनच. शेवटी माझ्या स्कूटरवरून गेलो. पहिल्या गावात भिंत होती, खरी, चांगली बांधलेली. शेळीपण तिथंच होती. मी मोबाईल काढल्याबरोबर तिनं आपण होऊन डावी बाजू पुढं केली. एवढी सवय झालेली. दुसऱ्या गावात भिंतीच्या जागी शेवग्याची दोन झाडं होती.

तिसरं गाव फुलंब्री ओलांडल्यावर कुठंतरी, एवढंच सांगतो. रस्ता रुंद झाला तेव्हा शाळेच्या अंगणातूनच गेला. आता पायरी उतरली की दोन उड्यांवर डांबर. कापसाचे ट्रक, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, लेण्यांकडं पळणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. आम्ही पोचलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती, आणि रस्त्याच्या कडेला एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. मला वाटलं गाडीला हात करतोय. ते हेडमास्तर होते. पन्नाशीचे, पँटच्या खालच्या दुमडीला खडूची पांढरी कड. दुसऱ्या टोकाला तसेच हात पसरून दुसरे मास्तर. शाळेत शिक्षकच दोन. मध्ये पोरं पारव्यांसारखी उधळलेली.

“आम्ही दोघं मिळून भिंत, मॅडम,” हेडमास्तर मान न वळवता म्हणाले. “मागं एकदा मी पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात दुसरीतल्या पोरीला मोटारसायकलनं उडवलं. पाय जोडला डॉक्टरांनी. पण लंगडती ती अजून. तेव्हापासून पाणी सुट्टी संपल्यावर पितो.”

मॅडमनी त्यांना देयकाची झेरॉक्स दाखवली. त्यांच्या शाळेची भिंत त्यात पूर्ण झालेली होती.

“कशी आहे हो?” त्यांनी विचारलं. “उंच आहे का?”

“पाच फूट.”

“प्लॅस्टर?”

“प्लॅस्टर आहे. रंगपण दिलाय.”

“मग चांगली बांधलीय की,” हेडमास्तर म्हणाले आणि एका पोराला बखोटीला धरून आत ढकललं.

ती लंगडणारी पोरगी पायरीवर बसून चिंचा खात होती. मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि जे बोलल्या ते लेखापरीक्षकानं बोलायचं नसतं. आपण विचारणारे, आणून देणारे नव्हे. त्या म्हणाल्या, “सर, ही भिंत मी आणते.”

अशा रीतीनं शेळीचा मुद्दा जन्माला आला. आणि नेमकं त्याच सुमारास सरकारला प्रश्न पडला की अंतर्गत लेखापरीक्षक भ्रष्टाचाराशी लढतात म्हणे, तर ते कितपत लढतात हे एकदा मोजून बघावं.

मोजायला एक सल्लागार आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, लॅपटॉप असा बारीक की मी आधी त्याला पातेल्यावरचं झाकण समजलो. आम्ही त्याला मोजणीवाला म्हणायचो. जमीन मोजायला येतो तसा हा आम्हाला मोजायला आलेला. सगळ्या गटांना एका सभागृहात बसवलं, समोसे दिले आणि एक प्रश्नावली दिली. ‘आपण भ्रष्टाचाराशी किती प्रभावीपणे लढता? एक ते पाच गुण द्या.’ मी पाच दिले. सहा असते तर सहा दिले असते. माझ्या शेजारच्यानं पाचला गोल करून वर चांदणी काढली. मॅडमनी समासात लिहिलं, ‘कोणाशी ते स्पष्ट करावे.’

मी हात वर केला. “सर, चोर किती सापडले ते मोजणार का तुम्ही?”

“चोर ठरवणं आपल्या कार्यकक्षेत नाही, सर,” तो गोड हसला. “आपण प्रक्रिया मोजतो.”

“मग चोरी किती थांबली ते?”

“जी झालीच नाही, ती कशी मोजणार?”

पोरगं हुशार होतं. भ्रष्टाचार काही त्याच्या टेपला सापडत नव्हता, म्हणून त्यानं आम्हाला मोजलं. आम्ही खुर्चीवर बसलेलो असतो, सोपं पडतं.

पद्धत अशी ठरली. आक्षेपाचा मुद्दा काढला की थोडे गुण. मुद्दा निकाली निघाला की भरपूर गुण. निकाली न निघता पडून राहिला की गुण वजा, आणि मुद्दा जेवढा मोठा तेवढी वजाबाकी मोठी. शेवटी प्रत्येक माणसाला एक क्रमांक आणि प्रत्येक गटाला एक रंग: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. लाल आलेले गट मोडून त्यांतली माणसं राज्यभर विखुरणार असं साहेबांनी हलक्या आवाजात सांगितलं, आणि ‘राज्यभर’ म्हणताना त्यांनी नकाशाच्या पार उजव्या टोकाकडं बोट केलं.

यातून काय समजायचं ते आम्ही समोसा संपायच्या आत समजलो. जो मुद्दा उद्या संध्याकाळपर्यंत मिटणार असेल, तोच आज सकाळी काढायचा. पावतीवर शिक्का नाही. मारला. निकाली. पान नंबर घातलेला नाही. घातला. निकाली. जिल्हाभर आमचे लोक शिक्के शोधत फिरायला लागले. एकट्या माझ्यामुळं जांभळ्या शाईचा तुटवडा पडला, गुलमंडीतला स्टेशनरीवाला मला बघून गल्ल्यावरून उठून उभा राहायचा आणि मुलाला सांगायचा, “सलाम कर बेटा, साब आए.” ऑफिसंही खूश. ती आपण होऊन चार कागद बिनशिक्क्याचे ठेवायची, आमची सोय म्हणून. रस्ते, टाक्या, भिंती, ज्या नव्हत्या त्या नव्हत्याच. शिक्के मात्र सगळीकडं होते. आणि आमचा गट दर महिन्याला हिरवा होत होता, इतका हिरवा, की ऑफिसात डास वाढले.

फक्त संगणकाच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. शेळीचा मुद्दा. तो निकाली निघत नव्हता आणि महिन्यागणिक सगळ्यांचे गुण खात होता.

एरवी मॅडमबरोबर डबा खाणारी माणसं आता फोनवर बोलत बाहेर जायला लागली. एकाची बायको इथं नोकरीला, एकाच्या पोराची बारावी, एकानं नुकतंच इथंच, शहराच्या सातारा परिसरात घर घेतलेलं. कुणालाही नकाशाच्या उजव्या टोकाला जायचं नव्हतं. मलाही नव्हतं; मला तर शहरातला क्रांती चौक ओलांडला तरी अपचन होतं. एक दिवस साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. साक्षीदार म्हणून मला. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “तुमची शेळी आमच्या सगळ्यांचं शेत खातीय.”

“भिंत असती तर शिरली नसती, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “वसुलीसाठी वर्ग केला, असं लिहा. तेवढं लिहिलं तरी तो निकाली धरतात. पुढं वसुली होईल नाहीतर नाही होणार, ते आपल्याकडं नाही.”

“पुढं काय होतं ते मला माहिती आहे. तुम्हालापण आहे.”

“मग काय पाहिजे तुम्हाला? पोलीस केस?”

“पोलीस केस कशाला? भिंत पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “पैसे निघालेत, तर भिंत बांधा. ज्या दिवशी रस्त्याकडेच्या शाळेला भिंत होईल, त्या दिवशी मी माझ्या हातानं लिहिते, मुद्दा निकाली. शेवग्याच्या झाडांचंपण मग बघू.”

मला आत कुठंतरी बरं वाटलं. वाटलं, बाई व्यवहाराला आली. पण मग लक्षात आलं की त्यांनी आम्हा सगळ्यांपेक्षा अवघड गोष्ट मागितलीय. वसुली, चौकशी, निलंबन, या सगळ्या कागदावर करता येतात. भिंत विटांचीच करावी लागते.

तरी निरोप गेला. आणि उपअभियंत्यांनी फोनवर एका शब्दात होकार दिला. “बांधतो की, मॅडम. तुमच्यासाठी म्हणून बांधतो. कंत्राटदाराला आजच उभा करतो.” मी दुसऱ्या बाजूनं ऐकत होतो. एवढा गोड आवाज मी बासुंदीच्या दिवशीपण ऐकला नव्हता, आणि मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

भिंतीचा फोटो आला. मागं खरी शाळा, वर शाळेचं नाव. पुढं भिंत, पाच फूट, पिवळी, वर निळ्या अक्षरात ‘स्वच्छ शाळा, सुंदर शाळा’. फोटोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंतच भिंत. साहेबांनी तो मोठा करून करून बघितला, शेळी कुठं नव्हती. त्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला.

“बघून येते,” मॅडम म्हणाल्या.

“फोटो आहे ना.”

“फोटो आहे म्हणूनच.”

परत स्कूटर. माझ्या स्कूटरनं हर्सूलच्या चढावर नेहमीप्रमाणं राजीनामा दिला, मी तो नेहमीप्रमाणं नामंजूर केला, आणि पोचलो.

भिंत होती. खोटं का बोलू. पाच फूट उंच, प्लॅस्टर, पिवळा रंग, निळी अक्षरं. लांबी मात्र फोटोएवढी. शाळेच्या समोर, मधोमध, एकटी उभी, दोन्ही बाजूंना सगळं मोकळं. लग्नात वरातीबरोबर आलेला, चुकलेला पाहुणा मांडवात उभा असतो तशी. पोरं डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, गोल गोल पळत होती.

रस्त्याच्या कडेला जमिनीवर फक्कीनं एक फुली मारलेली होती. फोटो काढणाऱ्यानं कुठं उभं राहायचं त्याची खूण. मी तिथं उभा राहिलो आणि मोबाईल डोळ्यासमोर धरला. शप्पथ सांगतो, शाळेला भिंत होती, दोन्हीकडं संपतच नव्हती. फुलीवरून पाऊल हललं, की भिंत संपली.

“आखणी करायला आले तेव्हा टेप नव्हता आणला त्यांनी,” हेडमास्तर म्हणाले. “एकजण मोबाईल धरून उभा होता आणि दुसऱ्याला सांगत होता, अजून जरा डावीकडं, बस, बस, एवढं पुरं.”

“तुम्ही अडवलं नाही, सर?”

“मला वाटलं, सुरुवात करतायत.”

मी हसलो. माझी जात तशी, दुःख बघितलं की मला आधी गंमत दिसते. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी आम्हाला भिंतीच्या मागं नेलं आणि म्हणाले, “आता इथून बघा.” बघितलं. रस्ता दिसत नव्हता. नुसता ट्रकचा आवाज.

“आधी ड्रायव्हरला लांबून पोरं दिसायची, ते जरा सावकाश घ्यायचे. आता पोर भिंतीमागून एकदम बाहेर येतं. आम्ही दोघं दोन टोकांना उभं राहतो, पण मध्ये ही आली. पलीकडं सर काय करतायत मला दिसत नाही, मी काय करतोय त्यांना दिसत नाही.”

मॅडमनी तिथंच, पायरीवर बसून, मांडीवर कागद दुमडला आणि डाव्या अर्ध्यावर लिहायला लागल्या. अक्षर नेहमीसारखं टपोरं नव्हतं.

परत आलो तर ऑफिसात पेढे वाटून झाले होते. मोजणीवाल्याच्या पद्धतीत एक सोय होती, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा आम्ही समोसा खात होतो. कामाचा फोटो संगणकावर चढवला, की मुद्दा आपोआप निकाली निघायचा. सही कुणाची लागायची नाही. माणसाचा हस्तक्षेप नको, हस्तक्षेप आला की भ्रष्टाचार आला, असा विचार. मॅडम स्कूटरवर असतानाच त्यांचा मुद्दा हिरवा झाला होता.

त्यांनी लिहिलेला अर्धसमास साहेबांनी घेतला, वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. “मुद्दाच नाही राहिला, मॅडम. याला लावू कुठं?”

मग सत्कार झाला. आता हेही ऐका. मोठा मुद्दा पडून राहिला तर वजाबाकी मोठी, तसाच निकाली निघाला तर बेरीजही मोठी. त्या एका मुद्द्यानं मॅडम सगळ्या विभागात पहिल्या आल्या. भ्रष्टाचाराशी लढण्यात सर्वांत कार्यक्षम. हिमरू शाल, पुष्पगुच्छ, काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. माझे एवढे शिक्के, एवढी जांभळी शाई, आणि मी चौथा. उपअभियंत्यांनाही बोलावलं होतं. त्यांना जलद अनुपालनाबद्दल गौरवलं. दोघं व्यासपीठावर शेजारी. फोटोग्राफर म्हणाला, जरा जवळ या. ते जवळ आले. उपअभियंता हळूच म्हणाले, मला पहिल्या रांगेत ऐकू आलं, “मॅडम, तुमच्यामुळंच झाली भिंत. मी सगळीकडं सांगतो.”

चहाच्या वेळी मॅडमनी मोजणीवाल्याला गाठलं. शाल अजून खांद्यावर.

“निकाली निघालेला मुद्दा परत उघडता येतो का?”

“तसा पर्याय नाही, मॅडम. पण सूचना छान आहे. पुढच्या वेळी विचार करू.”

“मग मी नवीन काढते. त्याच शाळेवर.”

“त्याच कामावर? दुबार म्हणून नाकारला जाईल.” त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं मॅडमना स्वतःच्या हातानं बिस्किटाची बशी दिली. “तुमचे गुण कशाला कमी करून घेता?”

हेडमास्तरांनी तोपर्यंत आपल्या परीनं नव्या भिंतीसाठी अर्ज केला होता. तो परत आला होता. वर शेरा होता की सदर शाळेस संरक्षक भिंत अस्तित्वात आहे. तसं त्यांनी मॅडमना कळवलं होतं, आणि मॅडमनी मला व्हरांड्यात सांगितलं. मी म्हणालो, “मॅडम, पुढच्या वेळी दोन फोटोएवढी मागू.” मला वाटलं हसतील. इतकी वर्षं माझ्या असल्या बोलण्यावर त्या हसत आल्या होत्या.

त्यांनी प्रमाणपत्राची चौकट भिंतीकडं तोंड करून खाली ठेवली आणि हेडमास्तरांना फोन लावला. आत माईकवर कुणीतरी पारदर्शकतेबद्दल बोलत होतं, ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला. सत्काराचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “सर, मधल्या सुट्टीत आता कसं करता? पलीकडचं दिसत नाही म्हणाला होतात. पोरांना कोण अडवतं?”

पलीकडून वर्गातला गलका येत होता. त्यावर आवाज चढवून हेडमास्तर म्हणाले,

“मधली सुट्टी बंद केली, मॅडम. पोरं वर्गातच डबा खातात.”